घर घेण्याआधी बँक बदलावी का? खाते, कर्ज आणि जागेच्या कागदपत्रांचा क्रम

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधील एखाद्या कंपनीत पाच-सहा वर्षे नोकरी झालेला, गावाकडे वडिलांच्या नावावर थोडी कोरडवाहू जमीन असलेला आणि शहरात भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा घराविषयी नसतोच. "सर, आमच्या बँकेत व्याज काहीच मिळत नाही. दुसऱ्या बँकेत खातं काढलं तर पुढं गृहकर्जाला फायदा होईल का?" असे तो विचारतो. आयकराची विवरणपत्रे भरून देणे आणि कर्जाच्या फायली लावून देणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला अनेकदा द्यावे लागते, आणि ते दर वेळी थोडे लांबतेच, कारण या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात. बचत कोणत्या बँकेत ठेवावी हा एक, आणि कर्ज कोणाकडून घ्यावे हा दुसरा. कर्ज ज्या बँकेतून घ्यायचे तिथे आधीपासून खाते असलेच पाहिजे, असा कोणताही नियम नाही.

थोडक्यात उत्तर असे देता येईल. कर्जाचा अर्ज वर्षभराहून अधिक लांब असेल तर बँक बदलण्यास हरकत नाही. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असेल, तर पगाराचे खाते आहे तिथेच राहू द्यावे. मधल्या काळात दुसरे खाते जरूर उघडावे, परंतु जुने बंद करू नये. हे असे का, आणि बँक बदलण्यापेक्षा अधिक महत्त्वाची कोणती कामे आधी उरकावीत, ते आता क्रमाने पाहू.

पहिले काम : फायदा रुपयांत मोजणे

समजा, आपल्याजवळ चार लाख रुपये जमा आहेत आणि ते बचत खात्यात पडून आहेत. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५पासून अडीच टक्के आहे. म्हणजे वर्षाला दहा हजार रुपये व्याज. दुसरी एखादी बँक पाच टक्के देत असेल तर वीस हजार होतील. दोन वर्षे थांबून घर घ्यायचे असेल, तर बँक बदलल्याचा एकूण फायदा वीस हजारांच्या आसपास राहतो. तीच रक्कम आपल्याच बँकेत वर्षभराच्या मुदत ठेवीत टाकली, तर यातला बराचसा फायदा बँक न बदलताही मिळतो.

आता कर्जाची बाजू पाहू. पंचवीस लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी आठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २०,९११ रुपये बसतो. साडेआठ टक्क्यांनी घेतले तर तो सुमारे २१,६९६ रुपये होतो. महिन्याला ७८५ रुपयांचा हा फरक २४० हप्त्यांत एक लाख ८८ हजारांवर जातो. म्हणून ज्याला घर घ्यायचे आहे त्याने आपली धावपळ बचतीच्या दरासाठी करू नये, कर्जाच्या दरासाठी करावी. कर्जाचा दर आपल्या बचत खात्याच्या वयावर ठरत नाही. तो प्रामुख्याने ठरतो तो सिबिलवर म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाला मिळालेल्या गुणांवर, उत्पन्नाच्या खात्रीवर, किमतीच्या किती टक्के कर्ज मागतो त्यावर आणि जागेच्या कागदपत्रांवर. जुन्या ग्राहकाला प्रक्रिया शुल्कात थोडी सवलत मिळते, कधी कागद कमी मागितले जातात. सलगीचा फायदा साधारण एवढाच असतो.

दुसरे काम : पैसा सुरक्षित जागी आणणे

एका प्रसंगात मात्र मी बँक बदला असे एका दमात सांगतो, आणि तो म्हणजे घराचे पैसे पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेट सोसायटीत असतील तर. बारा-तेरा टक्क्यांच्या आशेने ठेवलेले पैसे अडकून बसलेली कुटुंबे छत्रपती संभाजीनगर आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांत आज गल्लोगल्ली भेटतात. मुलीच्या लग्नाचे, जमिनीच्या मोबदल्याचे, निवृत्तीचे पैसे त्यांत गेलेले आहेत. पाटीवर बँकेसारखे नाव असले तरी पतसंस्थेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. वाणिज्य बँका, ग्रामीण बँका, स्मॉल फायनान्स बँका आणि सहकारी बँका यांतील ठेवींना मात्र ते आहे. फेब्रुवारी २०२०पासून त्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपये आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरले जाते. एकाच बँकेच्या जालना आणि परतूर अशा दोन शाखांत पैसे वाटून ठेवल्याने मर्यादा दुप्पट होत नाही, कारण सर्व शाखांतील रक्कम एकत्र मोजली जाते. घरासाठी सात-आठ लाख जमले असतील, तर ते दोन बँकांत ठेवणे हा सरळ मार्ग आहे.

नागरी सहकारी बँकेविषयी मी सरसकट वाईट बोलणार नाही, कारण छोट्या गावातील दुकानदाराला तिचाच आधार असतो. परंतु रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की त्याच दिवसापासून पैसे काढणे थांबते किंवा फार थोडक्यावर येते. विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१च्या दुरुस्तीने झालेली असली, तरी खरेदीखताची तारीख ९० दिवस थांबत नाही. इसार, म्हणजे सौदा पक्का करतानाची आगाऊ रक्कम, दिलेला असेल तर तोही बुडण्याची वेळ येते. म्हणून घराचा पैसा शेवटच्या वर्षात कोठे ठेवावा, हे ठरवताना व्याज दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे.

तिसरे काम : स्टेटमेंट कसे वाचले जाते ते समजून घेणे

पगारदाराकडून बँका सहसा तीन महिन्यांच्या पगारपत्रकांबरोबर सहा महिन्यांचे, कधी वर्षभराचे, बँक स्टेटमेंट मागतात. ते वाचणारा अधिकारी काय पाहतो, हे एकदा शेजारी बसून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. शिल्लक किती आहे हे तो शेवटी पाहतो. आधी पगाराची ओळ शोधतो. ती दर महिन्याला त्याच कंपनीच्या नावाने, जवळपास त्याच तारखेला आलेली असेल तर तिच्यासमोर पेन्सिलीने बारीक खूण करतो. मग तो हप्त्यांच्या ओळी पाहतो. अर्जात न लिहिलेला एखादा मोबाइलचा किंवा झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा हप्ता तिथे हमखास सापडतो. मग येते ती ५९० रुपयांची ओळ. पाचशे रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे खात्यात शिल्लक नसल्याने कोणता तरी हप्ता परत गेलेला आहे. त्या एका ओळीवर लेखी खुलासा मागितला गेलेला मी पाहिला आहे.

पगाराचे खाते ऐन वेळी हलवले, की हे सलग चित्र तुटते. नव्या खात्यात दोन पगार, जुन्यात चार, आणि मधल्या काळात इकडून तिकडे फिरवलेल्या रकमा. यामुळे कर्ज नाकारले जाते असे नाही, परंतु दोन्ही स्टेटमेंट जोडा, प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम दाखवा, असे प्रश्न वाढतात. माझ्याच बाबतीत ही चूक झालेली आहे. स्वतःच्या घराच्या वेळी अर्जाआधी दोन महिने मी पगाराचे खाते बदलले आणि मोटारसायकलचा हप्ता जुन्या खात्यातूनच जातो, हे विसरलो. हप्ता परत गेला, तो कर्जाच्या नोंदीत चढला, आणि दोन हजारांच्या त्या हप्त्यापायी मंजुरीला तीन आठवडे उशीर झाला. ज्या चांगल्या व्याजासाठी खाते हलवले होते, ते त्या तीन आठवड्यांत किती मिळाले याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

शेतकरी कुटुंबातील मुलांची आणखी एक अडचण असते. सोयाबीन किंवा कापूस विकून वडील लाख-दीड लाख रुपये मुलाच्या खात्यात भरतात, आणि तेही नेमके अर्जाच्या पंधरवड्यात, रोखीने. पैसा खरा असतो, परंतु कागदावर तो कोठून आला हे दिसत नाही. मोंढ्यातील आडत्याची पट्टी जपून ठेवावी, शक्यतो विक्रीची रक्कम वडिलांच्या खात्यात जमा होऊ द्यावी आणि तेथून ती मुलाच्या खात्यात वर्ग करून वडिलांचे एक साधे सहमतीपत्र फायलीत लावावे. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, हे विकणाऱ्यालाही सांगून ठेवावे. तो नाराज झाला तरी चालेल.

चौथे काम : सिबिल, आणि फक्त आपलेच नव्हे

बचत खाते उघडणे किंवा बंद करणे याची नोंद सिबिलच्या अहवालात येतच नाही, त्यामुळे बँक बदलल्याने गुण घसरतात ही समजूत खोटी आहे. अहवालात कर्जे, क्रेडिट कार्डे, ओव्हरड्राफ्ट आणि त्यासाठी झालेल्या चौकशा दिसतात. त्यामुळे नवे खाते उघडताना बँकेचा प्रतिनिधी "सोबत कार्ड मोफत आहे" म्हणाला, तर गृहकर्ज हाती पडेपर्यंत नको म्हणावे. एकाच महिन्यात चार-पाच ठिकाणी कर्जाची विचारणा करणेही टाळावे. गुण ३०० ते ९०० या पट्ट्यात असतात आणि साडेसातशेच्या वर असल्यास दराविषयी बोलायला तोंड राहते. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो अर्जाच्या किमान सहा महिने आधी काढावा, कारण चूक दुरुस्त करण्यास तीस दिवस सहज जातात.

आपला पगार बत्तीस हजार हातात पडत असेल आणि त्याच्या निम्मा हप्ता बँकेने मान्य केला, तरी साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी साडेअठरा लाखांच्या आतच कर्ज बसते. मग घरचे सहकर्जदार करण्याचा विचार येतो आणि वडिलांचा किंवा आईचा अहवाल उघडला जातो. मराठवाड्यात खरा गुंता इथे निघतो. थकीत पीककर्ज, तडजोडीने मिटवलेले कर्ज, भावकीतल्या कोणाच्या ट्रॅक्टरला दिलेली जामीनकी, आईच्या नावावरचे बचत गटाचे कर्ज असे सगळे त्यात दिसते. २०१७ आणि २०१९ या दोन्ही कर्जमाफ्यांनंतर "आमचं तर माफ झालं" असे वडील ठामपणे सांगतात, आणि अहवालात मात्र ते खाते अजून उघडे किंवा सूट देऊन मिटवलेले असे दिसते. अशा वेळी संबंधित शाखेत जाऊन बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, घ्यावा आणि नोंद दुरुस्त करून घ्यावी.

ती शाखा शोधतानाही गंमत होते. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली, २०१९ आणि २०२०मध्ये देना, सिंडिकेट, आंध्रा, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत गेल्या, आणि मे २०२५मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक आपल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेशी एकत्र आली. आपल्याकडे पुष्कळांची बँक त्यांनी न बदलताच बदललेली आहे. घरातले जुने पासबुक एका नावाचे, अहवालातील नोंद दुसऱ्या नावाची, असे दिसल्यास घाबरू नये. खाते क्रमांकावरून दोन्हींचा मेळ लावून घ्यावा.

पाचवे काम : बँकेआधी जागा तपासणे

कर्ज कोण देणार, हे पुष्कळदा जागाच ठरवते. छत्रपती संभाजीनगरच्या कडेच्या वसाहतींत, तसेच नांदेड, परभणी, लातूर या शहरांच्या वाढत्या भागांत गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले, प्लॉट स्वस्त मिळतात. व्यवहार अनेकदा बाँडवर किंवा सौदेचिठ्ठीवर झालेला असतो. गुंठेवारीचा कायदा २००१चा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. परंतु नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात नसेल तर मोठ्या बँका अशा प्लॉटवर सहसा कर्ज देत नाहीत. मग उरतात ते अधिक दराने कर्ज देणारे. बचत खाते कितीही नामांकित बँकेत असले तरी इथे त्याचा उपयोग होत नाही.

सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाच्या वसाहतीतील घर भाडेपट्ट्याचे असेल, तर हस्तांतरणाला आणि गहाण ठेवण्याला सिडकोचे ना हरकत लागते. इनामी, देवस्थानाची, वक्फची किंवा भोगवटादार वर्ग दोनची (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) जमीन असेल, तर परवानगीशिवाय पुढे जाऊच नये. जमिनीच्या जुन्या नोंदींचे खासरा पत्रक मागितले गेले की विकणारा चुळबुळ करू लागतो, तेव्हा थोडे थांबलेले बरे. बँकेचा वकील सहसा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी व बोजांच्या नोंदींचा अहवाल, काढतो, परंतु तो कर्ज मंजुरीच्या टप्प्यावर. इसार देण्याआधी स्वतःचा वकील लावून दोन-तीन हजार खर्च करणे हा माझ्या मते या साऱ्या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी पाहावी. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही.

हातात किती रोकड लागेल याचाही हिशेब इथेच करावा. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते, आणि किंमत म्हणजे करारातील रक्कम व बँकेच्या मूल्यांककाने काढलेली रक्कम यांतली कमी असेल ती. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांत धरली जात नाही. पंचवीस लाखांच्या घरासाठी अडीच लाख स्वतःचे, अधिभारासह पाच ते सात टक्के मुद्रांक शुल्क, एक टक्का म्हणजे पंचवीस हजार नोंदणी फी. सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम कर्जाच्या बाहेर तयार असावी लागते. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

सहावे काम : कर्जदात्याची निवड

वाणिज्य बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९पासून बाहेरच्या निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्या दराला), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांत किमान एकदा त्यांचा दर फेरजुळवावा लागतो. २०२५च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा अशा कर्जदारांचा दर आपोआप उतरला. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो. कंपनी लवकर मंजुरी देते, कागदांत थोडी ढील देते. दर उतरताना मात्र ती तितकीच चपळ राहील असे धरून चालू नये.

तीन ठिकाणांहून मुख्य तथ्यपत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) मागावे. ऑक्टोबर २०२४पासून ते देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एकाच आकड्यात दिलेला असतो. जाहिरातीतील दराची तुलना करू नये, या आकड्याची करावी. कर्जाच्या रकमेत गुपचूप मिसळलेला विमा याच पत्रकात उघडा पडतो. विमा घेणे चांगलेच, पण तो कर्ज देणाऱ्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत, कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असेल आणि घरात कोणाच्याही नावावर देशात कुठे पक्के घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० खाली पाच हप्त्यांत एक लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकते. कर्ज देणारी संस्था या योजनेत सहभागी आहे का, हे अर्जाआधी विचारून घ्यावे. नंतर विचारून उपयोग नसतो. गावातले वडिलांच्या नावाचे घरही विवाहित मुलाच्या स्वतंत्र कुटुंबात धरले जात नाही, अविवाहिताच्या बाबतीत मात्र नीट चौकशी करावी.

बदलत्या दराचे कर्ज पुढे दुसरीकडे हलवायचे झाल्यास मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीला लागत नाही. म्हणून आज थोडा जास्त दर मिळाला तरी सारे संपले असे नाही, परंतु हलवताना वकील, मूल्यांकन आणि गहाणाच्या नोंदीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

इतके करूनही बँक बदलायची असेल तर

आधी नवे खाते उघडावे आणि त्यात थोडी रक्कम टाकून दोन महिने चालवून पाहावे. मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला नवा खाते क्रमांक द्यावा. जुन्या स्टेटमेंटवर वर्षभराची नजर टाकून आपोआप जाणाऱ्या सर्व रकमांची यादी करावी. विमा वर्षातून एकदाच जातो, म्हणून तीन महिन्यांचे स्टेटमेंट पुरत नाही. चालू कर्जाचा हप्ता असेल तर नव्या खात्यातून हप्ता आपोआप कापण्याचा आदेश नोंदला गेल्याचा संदेश येईपर्यंत जुन्या खात्यात दोन हप्त्यांची शिल्लक ठेवावी. मुदत ठेव मोडू नये. मोडल्यास अर्धा ते एक टक्का दंड बसतो, त्यापेक्षा ती जुन्याच बँकेत मुदतीपर्यंत राहू द्यावी.

जुने खाते बंद करण्याची घाई घराचा ताबा मिळेपर्यंत करू नये. बंद करताना आधी किमान तीन वर्षांची स्टेटमेंट उतरवून घ्यावीत, उरलेले चेक आडव्या रेघा मारून शाखेत परत द्यावेत आणि खाते बंद झाल्याचे पत्र शिक्क्यासह मागून घ्यावे. ते पत्र घराच्या खरेदीखताच्याच फायलीत लावावे, कारण कर्जाचे पैसे विकणाऱ्याला गेले तरी स्वतःचा हिस्सा कोणत्या खात्यातून गेला, हे आयकराची नोटीस आल्यास त्या फायलीतूनच दाखवावे लागते.